मावशीचं लाल पेन आणि सरकारी ट्रेनिंग

एसटीत रेंज गेली किंवा हेडफोन घरी विसरला, तर एपिसोड वाचता यावा म्हणून हे लिहून काढलंय. बोलताना मध्येमध्ये आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय आहे सरकारी कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग. नेतृत्व, व्यवस्थापन आणि डेटा. हे ऐकून निम्मे जण पुढच्या एपिसोडवर जाणार, मला माहितीय. पण पाच मिनिटं थांबा. तुमच्यातले कितीतरी जण एमपीएससी करतायत, आणि उरलेल्यांना उत्पन्नाचा दाखला लागतोच. त्यामुळं हा विषय आपल्या सगळ्यांचाच आहे.

सुरुवात घरापासून करतो.

मागच्या दिवाळीत नळदुर्गला गेलो होतो. माझी एक मावशी अंगणवाडी सेविका आहे, जवळच्याच एका गावात. फराळ झाल्यावर ती रजिस्टर काढून बसली. लेकरांची वजनं, उंची, दंडाचा घेर, सगळं त्यात. आणि तेच सगळं परत मोबाईलच्या ॲपमध्ये. मी बीटेक झालेला, पुण्यात डॅशबोर्ड बनवून पोट भरणारा माणूस. म्हणलं, मावशी, तुला मी एक मस्त शीट करून देतो. नाव टाकलं की ग्राफ येईल.

दोन रात्री जागून केली. रजिस्टरच्या पानांचे फोटो काढले, आकडे टाकले, रंग दिले. तिसऱ्या दिवशी तिला दाखवायला गेलो. तिनं आधी विचारलं, "लेकरांची नावं तुझ्या मोबाईलात कशाला घेतलास?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग तिनं रजिस्टर उघडलं, एका नावावर बोट ठेवलं आणि मागची दोन पानं उलटली. म्हणाली, "हे बघ. तीन महिने झाले, वजन तिथंच आहे. मला ग्राफ कशाला लागतोय? तू मला एक लाल पेन आणून दे."

फोटो डिलीट केले, शीट डिलीट केली, पेन आणून दिलं. तिचा नियम साधा होता. लागोपाठ दोन महिने वजन वाढलं नाही, की नावाभोवती लाल गोल. आणि लाल गोल झाला, की महिना संपायची वाट न बघता गृहभेट.

मी विचारलं, ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं का? म्हणाली, "ट्रेनिंग झालं की एक दिवस. कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं. वजन वाढलं नाही तर काय करायचं, ते कुणी विचारलंच नाही."

पुण्याला परत जाताना बसमध्ये हेच वाक्य डोक्यात होतं. कारण माझ्या कंपनीतही आम्ही हेच करतो. बटणं शिकवतो.

आकडे वर जातात

नळदुर्ग म्हणलं की तुम्हाला पाणीमहालाचे रील आठवतात. बोरी नदीवरचा बंधारा, पावसाळ्यात नर आणि मादी धबधबे. पण नळदुर्गची आणखी एक ओळख आहे, ती रीलमध्ये येत नाही. हे कधीकाळी जिल्ह्याचं ठिकाण होतं. १८५३ मध्ये निजामानं काही मुलूख कंपनी सरकारकडं सोपवला, त्यात आपला भाग गेला. इथं डेप्युटी कमिशनर म्हणून आला फिलिप मेडोज टेलर, तोच 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिणारा. १८५७ पर्यंत तो इथं होता. १८६० मध्ये हा मुलूख परत निजामाकडं गेला.

टेलरची गंमत अशी, की कंपनीच्या मुलकी अधिकाऱ्यांना तयार करण्यासाठी इंग्लंडात हेलीबरीला १८०६ पासून खास कॉलेज होतं, आणि हा माणूस तिथला नव्हता. पोरवयात नोकरीसाठी मुंबईला आला, निजामाच्या फौजेत गेला, इथल्या भाषा शिकला, कारभार कामावरच शिकला. म्हणजे 'ऑन द जॉब ट्रेनिंग'चं उदाहरण आपल्या किल्ल्यातच आहे.

पण तो कारभार कशासाठी होता, हेही बघा. जमिनीची मोजणी, महसुलाची आकारणी. गावात आकडा तयार व्हायचा आणि वर जायचा. वरून खाली यायचा तो हुकूम. राज्य बदललं, कागदाचा संगणक झाला, पण आकड्याची दिशा बऱ्याच ठिकाणी तीच राहिली. मावशी आकडा भरते, तो तालुक्याला जातो, जिल्ह्याला जातो, मुंबईला जातो, दिल्लीला जातो. तिच्याकडं परत काय येतं? "तुमची एंट्री बाकी आहे" असा मेसेज.

आपल्या जिल्ह्याला तर आकड्यांची चांगलीच सवय आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रानं आकांक्षित जिल्हे कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात आले: गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. आरोग्य आणि पोषण, शिक्षण, शेती आणि पाणी, आर्थिक समावेशन आणि कौशल्य, पायाभूत सुविधा अशा पाच विषयांतले ४९ निर्देशक. दर महिन्याला जिल्ह्यानं किती सुधारणा केली त्यावर क्रमवारी, तिला 'डेल्टा रँकिंग' म्हणतात. एकूण गुणांत आरोग्य आणि पोषणाला ३० टक्के वजन, शिक्षणाला ३० टक्के.

ही कल्पना मला आवडते. 'तू किती मागं आहेस' यापेक्षा 'गेल्या महिन्यापेक्षा किती पुढं आलास' हा प्रश्न जास्त न्यायाचा आहे. पण क्रमवारीतला कुपोषणाचा आकडा ज्या वजनकाट्यावर तयार होतो, तो मावशीच्या अंगणवाडीत आहे. तिला तो आकडा वाचता आला, आणि वाचून काही करता आलं, तरच डेल्टा खरा. नाहीतर नुसती एंट्री सुधारते, लेकरू तिथंच राहतं.

२०२१ चं एक प्रकरण तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी मार्चमध्ये पोषण ट्रॅकर ॲप आलं. ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत करायचं आंदोलन केलं. तक्रारी दोन होत्या. फोन जुने आणि कमी रॅमचे, ॲप चालता चालत नव्हतं. आणि ॲप इंग्रजीत. मराठीचा प्रश्न हायकोर्टापर्यंत गेला. तेव्हा सोशल मीडियावर काही लोक म्हणाले, बायकांना टेक्नॉलॉजी जमत नाही. मी सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, युजरला आपलं ॲप जमत नसेल तर पहिली चूक आपली असते. वर्षानुवर्षं रजिस्टर चालवणाऱ्या बाईला डेटा कळत नाही, हे मला कुणी सांगू नये.

मिशन कर्मयोगी म्हणजे काय?

आता सरकार काय करतंय ते बघू. २ सप्टेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं 'मिशन कर्मयोगी' मंजूर केलं. पाच वर्षांसाठी ५१० कोटी ८६ लाख रुपये, केंद्राचे सुमारे ४६ लाख कर्मचारी. त्यातलं मुख्य वाक्य आहे: नियमावर आधारित कारभाराकडून भूमिकेवर आधारित कारभाराकडं.

सोप्या भाषेत सांगतो. आधी विचार असा, की तू क्लार्क आहेस, तर क्लार्कचं ट्रेनिंग घे. आता विचार असा, की तुझ्या खुर्चीवर नक्की कोणती कामं होतात, त्या कामांना कोणत्या क्षमता लागतात, आणि त्यातल्या तुझ्याकडं कोणत्या कमी आहेत. नगरपालिकेत घरपट्टीच्या टेबलवर बसणाऱ्याला कायदा माहीत पाहिजे, हिशेब आला पाहिजे, आणि चिडलेल्या माणसाशी बोलताही आलं पाहिजे. तीन वेगळ्या क्षमता आहेत. तिन्हींचं ट्रेनिंग एका पीपीटीत बसत नाही.

यासाठी 'आयगॉट कर्मयोगी' नावाचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म आहे. मोबाईलवर कोर्स करा, सर्टिफिकेट घ्या. नंतर राज्यांचे कर्मचारीही त्यावर आले. महाराष्ट्रात या सगळ्याची मुख्य संस्था पुण्याची 'यशदा'. १९६३ मध्ये मुंबईत सुरू झालेलं प्रशासकीय महाविद्यालय पुढं पुण्याला आलं, आणि १९९० पासून त्याचं नाव यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी. एमपीएससीवाल्यांनो, राज्यसेवेतून अधिकारी झालात, तर परिविक्षाधीन काळातलं एकत्रित प्रशिक्षण करावं लागतं. त्यामुळं हा भाग फॉरवर्ड करू नका.

बाहेरच्या देशांतही हा विचार चालू आहे. ब्रिटननं २०२३ मध्ये आपल्या नागरी सेवेसाठी 'वन बिग थिंग' नावाचा उपक्रम केला. पहिल्या वर्षीचा विषय डेटा. अपेक्षा अशी, की प्रत्येकानं सात तास डेटा शिकायचा. फक्त आकडेतज्ज्ञांनी नाही, सगळ्यांनी.

सात तास पुरतात का? काय शिकवता, त्यावर आहे. मला विचाराल तर तीन गोष्टी शिकवल्या पाहिजेत. एकेक बघू.

डेटा: सरासरीमागं लपलेले दहा जण

समजा एका कार्यालयात महिन्याला १०० अर्ज आले. ९० अर्ज ३ दिवसांत निकाली. १० अर्ज ६० दिवस अडकले. सरासरी काढा: ९० गुणिले ३ म्हणजे २७०, १० गुणिले ६० म्हणजे ६००, एकूण ८७०, भागिले १००. उत्तर ८.७ दिवस. मुदत १५ दिवसांची असेल तर मीटिंगमध्ये साहेब खूश. सरासरी मुदतीच्या आत!

पण त्या दहा जणांत एखादी मुलगी असेल, जिची ॲडमिशन दाखल्यावाचून गेली. तिला सरासरी सांगून काय उपयोग?

डेटाचं ट्रेनिंग म्हणजे हे. एक्सेलचा फॉर्म्युला यूट्यूबवर अर्ध्या तासात येतो. शिकायची असते ती प्रश्न विचारायची सवय. हा आकडा कशाला भागून आलाय? सगळ्यात जास्त वाट कुणी बघितली? ते दहा जण एकाच गावचे आहेत का, एकाच टेबलवर अडकलेत का? ज्यांनी कंटाळून अर्जच केला नाही, ते या शंभरात आहेत का?

आणि मावशीनं मला शिकवलेला धडा: हा डेटा कुणाचा आहे? लेकराचं नाव आणि वजन माझ्या फोनमध्ये यायचं काहीच कारण नव्हतं. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. मी तो वाचला होता. मावशीनं वाचला नव्हता, पण पाळला तिनंच.

व्यवस्थापन: सहा गठ्ठे म्हणजे आपला जिरा बोर्ड

आयटीतल्या पोरांना वाटतं, काम ट्रॅक करायची पद्धत आपणच शोधली. टू डू, इन प्रोग्रेस, डन. महाराष्ट्रातल्या सरकारी ऑफिसांत 'सहा गठ्ठे पद्धत' कितीतरी आधीपासून आहे. कारकुनाच्या टेबलवरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: कार्यवाही करायची प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघणारी प्रकरणं, ठरावीक काळानं पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद, आणि नष्ट करायचे कागद.

यातला दुसरा गठ्ठा बघा. 'प्रतीक्षाधीन'. आमच्या भाषेत 'ब्लॉक्ड'. आमच्या स्टँडअपमध्ये रोज हाच प्रश्न असतो: तुझं काम कुणामुळं अडलंय? ऑफिसातही तोच विचारायचा. फाइल माझ्याकडं नाही, एवढं सांगून भागत नाही. कुणाकडं आहे, किती दिवस आहे, मी परत कधी विचारलं?

कायदाही आहे. महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे, बदल्यांचं विनियमन आणि कामातला विलंब टाळण्याचा. त्यात म्हणलंय, की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडं साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. आणि २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं, आणि विनाकारण उशीर केल्याचं सिद्ध झालं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज केलात तर पोचपावती घ्याच, त्यावर मुदतीची तारीख बघा. तुमच्या हातातला डेटा म्हणजे ती पावती.

म्हणजे पद्धत आहे, कायदा आहे. कमी पडतं ते काय? दर सोमवारी टीमला घेऊन बसणारा, आणि "कुठं अडलंय?" हे न ओरडता विचारणारा माणूस. हे जन्मजात येत नाही. शिकवावं लागतं.

नेतृत्व: किल्लारी आणि खंडोबाचा करार

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. माझा जन्म नंतरचा, पण आमच्याकडं घरोघरी ही वेळ माहितीय. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती आणि जमीन हलली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूरसारख्या गावांचीही तीच गत झाली. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. लातूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी होते प्रवीण परदेशी. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. ज्या गावांत घरं पूर्ण पडली नव्हती, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं मोठं काम झालं.

त्या कामात एक गोष्ट घडली, ती मला ट्रेनिंगसाठी फार महत्त्वाची वाटते. घराच्या दुरुस्तीचे पैसे कसे मिळणार, भूकंपात टिकणारं घर कसं बांधायचं, हे गावात कोण सांगणार? स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मार्फत गावातल्या महिला मंडळांच्या बायका संवाद सहायक झाल्या. योजना घरापर्यंत न्यायची आणि घरची अडचण ऑफिसपर्यंत आणायची. म्हणजे माहिती दोन्ही बाजूंनी चालायला लागली. वरून हुकूम आणि खालून आकडा, या जुन्या रस्त्यापेक्षा हे वेगळं होतं.

आणि योगायोग बघा. मिशन कर्मयोगीसाठी २०२१ मध्ये केंद्रानं क्षमता बांधणी आयोग नेमला, त्याच्या सदस्यांत हेच परदेशी होते.

पण नेतृत्वाची एक अडचण आहे, बदली. त्याच २००५ च्या कायद्यानुसार एका पदावरचा साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. चांगला साहेब येतो, ऑफिस सुधारतं, साहेब जातो, सहा महिन्यांत सगळं पहिल्यासारखं. आपण म्हणतो, "त्या साहेबांच्या काळात काम व्हायचं." मला वाटतं, हे कौतुक अर्धंच आहे. साहेब गेल्यावर काम थांबलं, म्हणजे साहेबांनी मागं काही लिहून ठेवलं नव्हतं, किंवा ते वाचायची कुणाला सवय लावली नव्हती.

इथं मला आपला खंडोबा आठवतो. देव एकच, ठिकाणं दोन. सव्वादहा महिने अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपुरात. देव हलवताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. रात्रीची पालखी, भंडारा, येळकोट, हे सगळं आहेच. पण त्याआधी कागद आहे. कुणाकडून कुणाकडं, किती काळासाठी, परत कधी. माणसं बदलली, पिढ्या बदलल्या, तरी देवाची ये-जा चुकत नाही.

ऑफिसचा चार्ज देताना हे का होत नाही? चार्ज लिस्टमध्ये टेबल, खुर्ची, कपाटाची किल्ली असते. 'या गावातली ही सात लेकरं लाल गोलात आहेत, यांच्याकडं या आठवड्यात जायचंय' हे कुठल्या लिस्टमध्ये असतं?

मग चांगलं ट्रेनिंग ओळखायचं कसं?

सर्टिफिकेट मोजून ओळखता येत नाही. किती जणांनी कोर्स पूर्ण केला हा आकडा सोपा आहे, म्हणून तोच मोजला जातो. माझ्या कंपनीतही मी सिक्युरिटीचा कोर्स म्यूट करून पूर्ण केलाय. खोटं कशाला बोलू.

माझी कसोटी तीन प्रश्नांची आहे. ट्रेनिंगनंतर त्या माणसानं स्वतःच्या कामातला एखादा आकडा वेगळ्या नजरेनं बघितला का? बघून जे करावंसं वाटलं, ते करायची मुभा त्याला मिळाली का? आणि त्याची बदली झाली, तर पुढच्याला ते कळणार का?

दुसरा प्रश्न सगळ्यात अवघड. मावशीला लाल गोल करायला कुणी शिकवलं नाही, ती शिकली. पण गृहभेटीनंतर लेकराला ग्राम बाल विकास केंद्रात घ्यायचं, गरज पडली तर दवाखान्यात पाठवायचं, तर पर्यवेक्षिकेनं तिचं ऐकलं पाहिजे. म्हणजे ट्रेनिंग एकट्या मावशीचं करून चालत नाही. तिच्या वरच्या माणसाला ऐकायचं ट्रेनिंग लागतं. पोस्ट जितकी मोठी, तितका तो कोर्स आधी करायला पाहिजे, असं मला वाटतं.

परवा मावशीला फोन केला. विचारलं, त्या लेकराचं काय झालं? म्हणाली, दोन वेळा घरी गेले, आई ऊसतोडीला जाते, लेकरू आजीकडं राहतंय. आजीला सगळं समजावलं. पर्यवेक्षिका बाईंनाही पान उलटून दाखवलं, त्याही आल्या. या महिन्यात चारशे ग्रॅम वाढलंय.

"मग गोल खोडलास का?"

"खोडायचा कशाला? राहू दे. पुढची आली तर तिला कळायला पाहिजे."

तर मंडळी, एवढंच होतं आज. तुमच्या घरात कुणी तलाठी, ग्रामसेवक, आशाताई, शिक्षक, लिपिक असेल, तर आज रात्री जेवताना एक प्रश्न विचारा: "तू रोज जो आकडा भरतोस, तो तुझ्या काय कामाला येतो?" काय उत्तर मिळालं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. फक्त कुणाचं नाव, गाव, ऑफिस सांगू नका. मावशी रागावेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. येळकोट येळकोट!